मरणाची गाडी कोण हाकतो?

१

मरणापुढे सगळे सारखे, असे आपल्याकडे मोठ्या समजूतदारपणे सांगितले जाते. राजा असो वा रंक, काळ कोणाला सोडत नाही; म्हणून मृत्यूवरची कविता ही जातीच्या, वर्गाच्या पलीकडची निखळ मानवी कविता होय, असे प्रस्थापित समीक्षेचे जुने म्हणणे आहे. विद्यार्थी असताना मीही परीक्षेत हे लिहून गुण मिळवले आहेत. आज तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात दहा-अकरा वर्षे इंग्रजी कविता शिकवल्यानंतर मात्र हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. मरण सर्वांना येते, एवढे खरे. पण ते कोणाकडे कसे येते, त्याची बातमी कोण पोचवतो, मेलेल्याला हात कोण लावतो, आणि सरणाची लाकडे कोण वाहतो, या प्रश्नांची उत्तरे सर्वांची सारखी नाहीत. ज्या देशात स्मशानेसुद्धा जातवार आहेत, तेथे मरणाच्या प्रतिमा तेवढ्या जातीबाहेरच्या कशा असतील?

या लेखात मला शांत मरणाच्या कवितेविषयी बोलायचे आहे. कवी मृत्यूला माणसाचे रूप देतात. तो कधी पाहुणा होतो, कधी सखा, कधी आई, कधी नावाडी. ओळखीच्या प्रतिमा वापरून कवी त्याचा भेसूरपणा काढून घेतात. अलंकाराच्या पुस्तकात याला चेतनगुणोक्ती म्हणतात: निर्जीवाला सजीव मानायचे आणि त्याच्यावर माणसाच्या गुणांचा आरोप करायचा. ही व्याख्या मी शाळेत घोकली. आमच्या घरात मात्र हा अलंकार उलटा घडून गेला होता, हे मला फार उशिरा समजले.

माझा आजा पोरवयात त्याच्या बापाबरोबर मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जाई. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना कळवायचे, हे महाराचे वतनाचे काम. सरणाची लाकडे वाहणे, मेलेले जनावर ओढणे हीही कामे त्यातलीच. मोबदला म्हणून मढ्यावरचे कापड. आजा सांगे, ‘आमी पांदीनं येताना दिसलो की बाया हातातलं टाकून दारात उभ्या राहायच्या. आमी तोंड उघडायच्या आदीच रडं सुरू.’ अंगणाच्या कडेला उभे राहून मेलेल्याचे नाव सांगायचे. कोणी वरून भाकरी टाकली तर ती पदरात घ्यायची. चार कोस चालून आलो तरी पाणी मागायचे नाही. एकदा एका म्हातारीने या बापलेकांकडे बघून ‘काळ आला गं बाई’ असा टाहो फोडला होता. ते वाक्य आजाला मरेपर्यंत आठवत होते.

अलंकारशास्त्र मृत्यूला माणूस करते. जातीने माणसाला मृत्यू केले होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घराने हे काम टाकले, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनेही संपली. पण माझे कवितेचे वाचन त्या अंगणाच्या कडेवरूनच होते. हे मी लपवत नाही, आणि लपवण्याचे कारणही नाही.

२

आमच्या अभ्यासक्रमात एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीची एक प्रसिद्ध कविता आहे. डिकिन्सनचा जन्म १८३० चा, मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट गावचा. ती वारली १८८६ मध्ये. हयातीत तिच्या फार थोड्या कविता छापल्या गेल्या. ही कविता छापली गेली ती १८९० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, आणि तीही संपादकांनी ‘रथ’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन व एक कडवे गाळून.

कवितेचा विषय एवढाच. एक बाई कामात गुंतलेली आहे, मरणासाठी थांबायला तिला सवड नाही. तेव्हा मृत्यू स्वतः तिच्यासाठी थांबतो. तो सभ्य गृहस्थ आहे. त्याने गाडी आणली आहे, सोबतीला अमरता बसलेली आहे. तो घाई करीत नाही. त्याच्या सौजन्याखातर ती आपले काम आणि आपली फुरसत, दोन्ही बाजूला ठेवते. वाटेत शाळा लागते, तिथे मधल्या सुट्टीत मुले खेळत आहेत. मग पिकलेली शेते लागतात. मग मावळता सूर्य. पुढे गारवा जाणवतो, कारण अंगावरचे वस्त्र फार तलम आहे. गाडी एका घरापाशी थांबते. ते घर म्हणजे जमिनीला आलेला जरासा फुगवटा. त्यानंतर शतके गेली आहेत, तरी ती सगळी त्या एका दिवसापेक्षा लहान वाटतात.

या कवितेचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. शाळा, शेत आणि सूर्यास्त अशा तीन चित्रांत तिने एक आयुष्य संपवले आहे, आणि कुठेही ‘आयुष्य’ हा शब्द वापरण्याची गरज तिला पडलेली नाही. कबरीला तिने घर म्हटले, आणि घराला कोण भिते? शिवाय ही शांती भाबडी नाही. अंगावर काटा आणणारा गारवा मध्येच येतो, आणि सौजन्याने बोलणाऱ्या गृहस्थाने आपल्याला नेमके कुठे आणून सोडले, हे वाचकाला हळूहळू कळते. मरण गोड करून दाखवणाऱ्या पुष्कळ कवींना हे साधलेले नाही.

मी हे सारे वर्गात रंगून सांगत होतो. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, गाडीत हे तिघं बसले. मग हाकतंय कोण?’

वर्ग हसला. मीही हसलो. म्हटले, ‘मृत्यूच हाकत असेल.’ तो म्हणाला, ‘मग तो गडी झाला, मालक नाही.’

या मुलाचा बाप उसाच्या गाड्या हाकतो. गाडी दिसली की हाकणारा बघायचा, ही त्याची दृष्टी. आपल्या आस्वादक समीक्षेला ही दृष्टी नाही. मी त्याला सांगितले की, त्या काळी तिकडचे सभ्य तरुण बग्गी स्वतःच हाकत आणि बाईमाणसाला फिरायला नेत. मृत्यू येथे तसा, जवळजवळ मागणी घालायला आलेल्या माणसासारखा आला आहे. उत्तर चुकीचे नव्हते. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. जिला काम आणि फुरसत दोन्ही बाजूला ठेवता येतात, तिच्यापाशी मुळात फुरसत आहे. माझ्या आजीपाशी बाजूला ठेवायला फक्त काम होते, आणि तेही मरणाने नव्हे, अंथरुणाने सोडवले.

पुढे डिकिन्सनच्या चरित्राविषयी वाचताना एक गोष्ट हाती लागली. तिच्या घरात आणि बागेत आयर्लंडहून आलेली गरीब माणसे कामाला होती. आपली शवपेटी या कामगारांनीच उचलावी, असे तिने सांगून ठेवले होते. मे १८८६ मध्ये सहा आयरिश गड्यांनी ती उचलली आणि मागच्या दाराने, शेतातून, दफनभूमीपर्यंत नेली. कवितेत ज्यांना जागा मिळाली नाही, ती माणसे तिच्या अंत्ययात्रेत होती. गाडी कोण हाकतो, हे तिला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. पण मरणाची शांत प्रतिमा रचताना गाडी ओढणारे हात आपोआप अदृश्य झाले. प्रतिभेची ही खोट एकट्या डिकिन्सनची नाही. ज्याच्या घरी सगळे आयते हाताशी येते, त्या वर्गाच्या नजरेची ती खोट आहे.

३

डिकिन्सनची कविता घडत होती त्याच काळात, त्याच देशाच्या दक्षिण भागात, आणखी एका गाडीचे गाणे चालू होते. मळ्यांवर राबणारे काळे गुलाम आकाशातून खाली येणाऱ्या रथाचे गाणे म्हणत. तो रथ त्यांना घरी न्यायला येणार होता. बायबलमधल्या एलिया या संदेष्ट्याला अग्निरथ घेऊन गेला, त्या कथेतून ही प्रतिमा आली. १८७१ पासून फिस्क विद्यापीठाच्या काळ्या विद्यार्थ्यांनी गावोगाव दौरे करून अशी गीते जगापुढे आणली.

गोऱ्या श्रोत्यांना वाटले, किती सोशिक ही माणसे, किती शांतपणे मरणाची वाट बघतात! पण गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५ च्या आत्मचरित्रात यातले मर्म सांगितले आहे. ते आणि त्याचे सोबती कनान देशाची गाणी म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात उत्तरेकडचा मुक्त प्रदेश असे. म्हणजे वर मरणाची शांती आणि आत पळून जाण्याचा बेत. ज्याने जन्मभर दुसऱ्याची गाडी ओढली, त्याने आपल्यासाठी गाडी येण्याची कल्पना करणे, एवढ्यातच बंड आहे. एकाच प्रतिमेचा अर्थ ती कोण वापरतो यावर असा पालटतो.

या परंपरेतून जेम्स वेल्डन जॉन्सन हा कवी आला. काळ्या लोकांच्या चळवळीशी आपले नाते १९७२ मध्ये दलित पँथरने नावातच जाहीर केले. पण आपण त्यांच्या संतापाच्या कविता जेवढ्या वाचल्या, तेवढ्या त्यांच्या शांततेच्या वाचल्या नाहीत. जॉन्सनने १९२७ मध्ये काळ्या धर्मोपदेशकांच्या प्रवचनांच्या धर्तीवर सात काव्ये आणि आरंभी एक प्रार्थना असे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक प्रवचन एका बाईच्या अंत्यविधीच्या वेळचे आहे. माझ्या वाचनातील शांत मरणाची ही सर्वांत थोर कविता.

तिच्यात देव स्वर्गातून खाली बघतो, आणि त्याला दुखण्याने तळमळणारी एक बाई दिसते. तिचे नाव कॅरोलाइन. देव मृत्यूला बोलावून घेतो. मृत्यू फिकट पांढऱ्या घोड्यावर बसून येतो आणि हुकुमाची वाट बघत उभा राहतो. देव त्याला पत्ता सांगतो: जॉर्जिया राज्य, सव्हाना शहर, यामाक्रॉ वस्ती. बाई फार राबली आहे, थकली आहे, तिला घेऊन ये. मृत्यू एक शब्द न बोलता निघतो. सोबतचे लोक रडत असतात, पण त्यांना न दिसणारे तिला दिसते. ती भीत नाही, कारण जुना स्नेही आल्यासारखे तिला वाटते. मृत्यू तिला तान्ह्या लेकरासारखी उचलतो. त्याचे हात बर्फासारखे आहेत, तरी तिला थंडी वाजत नाही. तो तिला नेऊन येशूच्या कुशीत ठेवतो, आणि येशू आपल्या हाताने तिचे डोळे पुसतो, कपाळावरच्या कष्टाच्या रेघा पुसतो, आणि तिला विसावा घ्यायला सांगतो.

डिकिन्सनचा मृत्यू सभ्य गृहस्थ आहे, जॉन्सनचा मृत्यू हुकुमाचा ताबेदार. पहिल्यात गारवा तलम वस्त्रातून आत शिरतो; दुसऱ्यात बर्फाच्या हातांचाही गारवा लागत नाही, कारण या बाईने आयुष्यभर यापेक्षा वाईट हात पाहिलेले आहेत. पण माझ्या मते सर्वांत मोठा फरक पत्त्याचा आहे. देवाने मृत्यूला वस्तीसुद्धा नेमकी सांगितली, आणि ती वस्ती गरीब काळ्या लोकांची. दक्षिणेतले गोरे काळ्या बाईला नुसत्या नावाने किंवा ‘आंटी’ म्हणून हाक मारीत. तिच्या नावामागे मानाचा शब्द लावीत नसत. येथे तिला ‘सिस्टर’ म्हटले आहे, बहीण. जिला शहराने कधी नावानिशी ओळखले नाही, तिचे नाव-गाव-पत्ता स्वर्गात ठाऊक आहे. कवितेतली शांती पांढऱ्या घोड्यातून येत नाही, ती या ओळखीतून येते. जॉन्सनने मृत्यूला माणूस करण्याआधी मरणाऱ्या बाईला माणूस केले.

देव, स्वर्ग, येशू हे आपण मानीत नाही. मीही मानीत नाही. पण हिशेबाची भाषा आपल्याला कळते. जिच्या चेहऱ्यावरच्या रेघा कोणी बघितल्या नाहीत, तिच्या रेघा बघणारा कोणीतरी कवितेत उभा केला आहे. जगाने थकवलेले देणे येथे चुकते होते.

या कवीची दिवसाची कामे काय होती, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा तो १९२० ते १९३० पर्यंत सचिव होता. झुंडीने काळ्यांना फासावर लटकवण्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणून तो खासदारांचे उंबरठे झिजवीत होता. विधेयक १९२२ च्या जानेवारीत खालच्या सभागृहात मंजूर झाले आणि त्याच वर्षी वरच्या सभागृहात अडवले गेले. मरणाला एवढे मऊ हात देणारा हा माणूस रोज खुनांच्या हकिकती वाचत होता. तरी त्याने ते मऊ हात झाडाला लटकवलेल्या माणसाच्या कवितेत नेले नाहीत. कॅरोलाइन दुखण्याने, कष्टाचे आयुष्य संपवून मरते. मारल्या जाणाऱ्यांसाठी शांत कविता नव्हे, लढून मरण्याची कविता लागते. आणि क्लॉड मॅके या कवीने ती १९१९ च्या वांशिक दंगलींच्या वर्षी लिहिली होती. विसाव्याची कविता कोणाला द्यायची आणि संतापाची कोणाला, हा विवेक त्या साहित्याने सांभाळला.

४

आपल्याकडे नेमका हाच विवेक सुटतो. मलटाकीत किंवा गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेला की दुसऱ्या दिवशी बातमीत ‘काळाने घाला घातला’ असे छापून येते. ही चेतनगुणोक्तीच आहे. तिचे व्याकरण बघा. वाक्याचा कर्ता काळ आहे. ज्याने माणसाला दोर, मुखवटा, काही न देता खाली उतरवले, तो ठेकेदार त्या वाक्यात कुठेच नाही. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा. १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. न्यायालयाला भरपाई देणारा सापडतो, आपल्या मराठीला मारणारा सापडत नाही. तिला काळ सापडतो. ‘देवाज्ञा झाली’, ‘नियतीने हिरावून नेले’ ही सारी त्याच घराण्यातली वाक्ये. वृद्धापकाळाने गेलेल्या माणसाबद्दल ती म्हटली तर दुःख हलके होते. मारल्या गेलेल्या माणसाबद्दल म्हटली की गुन्हा हलका होतो.

बाबुराव बागुलांनी १९६९ मध्ये आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ हे नाव दिले. या नावात मरणाला चेहरा दिलेला नाही, भाव दिला आहे. ते बाजारात आणून ठेवले आहे, म्हणजे विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे विचारणे भाग पडते. नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या ‘गोलपिठा’त मरण कोणाला न्यायला सौजन्याने येत नाही. दया पवारांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये गावकीची कामे नावानिशी नोंदली गेली. या साहित्यात शांतरस नाही, अशी तक्रार विद्वानांनी केली. ज्यांच्या दाराशी मरण ठेकेदाराच्या रूपाने येते, त्यांनी त्याला सखा म्हणावे ही अपेक्षाच अमानुष होती. दलित साहित्याने शांत मरण नाकारले ते काव्यशक्ती तोकडी पडली म्हणून नव्हे. खोटी साक्ष द्यायची नाही म्हणून.

येथपर्यंत माझे म्हणणे या त्रैमासिकाच्या वाचकांना नवे वाटणार नाही. पण पुढची गोष्ट मला माझ्याविरुद्ध सांगायची आहे. ही भूमिका घेऊन मी कित्येक वर्षे वर्गात एक सोपे विधान करीत आलो: शांत मरणाची कविता हा भरल्या पोटाचा चाळा आहे. हे विधान ऐकायला जोरकस आहे. ते खोटे आहे, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले.

वसतिगृहात राहणारा हा मुलगा. आपल्याच समाजातला. महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी त्याने कविता आणून दिली. तीत मरण मोटारसायकलवर येते. वसतिगृहाच्या फाटकापाशी दिवा बंद करून थांबते, हॉर्न वाजवत नाही, आणि वर खिडकीकडे बघून ‘आवर निवांत’ अशी खूण करते. मी वाचून खूश झालो. डिकिन्सनची बग्गी आमच्या तालुक्यात मोटारसायकल होऊन आली, असे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलेसुद्धा. दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या आणि कविता निवडली. समीक्षक म्हणून मी जे केले ते एवढेच.

रात्री झोप येईना. ज्या खिडकीची खूण कवितेत होती, ती खिडकी मला ठाऊक होती. सकाळी उठून त्याच्याकडे गेलो. बोलायला तो तयार नव्हता. मग हळूहळू कळले: शिष्यवृत्ती दोन सत्रे आली नव्हती, खानावळीने ताट बंद केले होते, घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरच्यांनी आधीच कर्ज काढलेले. मी विचारले, ‘हा मोटारसायकलवाला तुला एवढा का आवडतो?’ तो खाली बघून म्हणाला, ‘सर, कोणीतरी मला न्यायला येतं ना. नाव घेऊन थांबतं. तेवढंच.’

तेवढेच. कॅरोलाइनच्या कवितेत जे होते, तेच. कोणीतरी आपला पत्ता विचारत येते, आपल्यासाठी थांबते, घाई करीत नाही, हाडतहुडत करीत नाही. शांत मरणाच्या प्रतिमेतली गोडी मरणाची नसते. ती आदराची असते. जिवंतपणी जो आदर मिळाला नाही, तो माणूस मरणाकडून मागतो. म्हणून ही प्रतिमा भरल्या पोटाचा चाळा नाही. उपाशी माणसाच्या हातात ती अर्ज असते. मी तो अर्ज कविता म्हणून दाखल करून घेतला होता.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला, तेव्हाही आपण काहीसे असेच केले. त्याच्या शेवटच्या पत्रातली तारकांची प्रतिमा देशभर फिरली, फलकांवर लिहिली गेली. त्याच पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या पाठ्यवृत्तीचा हिशेब होता, आणि मित्राचे देणे फेडण्याची विनंती होती. तारे सर्वांच्या लक्षात राहिले, हिशेब थोड्यांच्या. जेथे तरुण मुलगा मरणाला शांत म्हणतो, तेथे समीक्षकाने आधी हिशेबाचे पान वाचले पाहिजे. तेथे प्रतिमेच्या सौंदर्यावर बोलत बसणे हा गुन्ह्यातला सहभाग आहे.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. आम्ही दोघे मिळून कचेऱ्यांचे खेटे घातले. चार-पाच शिक्षकांनी खानावळीचे पैसे भरले. त्याला रात्री एकटा न ठेवण्याची जबाबदारी मित्रांनी घेतली. शिष्यवृत्ती उशिरा आली, पण आली. तो उत्तीर्ण झाला आणि आता नोकरी करतो. ती कविता त्याने स्वतःच मागे घेतली.

५

मग आपल्याला शांत मरणाची स्वतःची प्रतिमा नाहीच काय? मला वाटते, आहे, आणि ती फार जुनी आहे.

महापरिनिब्बान सुत्तात ८० वर्षांचे बुद्ध आपल्या शरीराला जुन्या गाडीची उपमा देतात: वाद्या बांधून कशीबशी चालवलेली मोडकी गाडी. येथे गाडी मरणाची नाही. गाडी म्हणजे आपले शरीर, आणि ती झिजली आहे ती रस्ता चालून. मृत्यूचे मानवी रूप या सुत्तातही आहे. त्याचे नाव मार. तो येऊन, आता निघावे, अशी घाई करतो. बुद्ध त्याला सांगतात, तू चिंता करू नकोस, तीन महिन्यांनी. त्याआधीच त्यांनी सांगून ठेवले होते, भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका धम्म सांगायला समर्थ होईपर्यंत मी जाणार नाही. डिकिन्सनच्या कवितेत मृत्यू सौजन्याने थांबतो. येथे मृत्यूला थांबवून ठेवले जाते, कारण काम पुरे व्हायचे आहे.

आणि शेवटचे दिवस बघा. ज्याच्या घरचे जेवण शेवटचे ठरले, त्या चुंद लोहाराला कोणी दोष देऊ नये म्हणून बुद्ध निरोप ठेवतात. दाराला धरून रडणाऱ्या आनंदाला जवळ बोलावून त्याच्या सेवेचे कौतुक करतात. जमलेल्यांना विचारतात, कोणाला काही शंका उरली आहे काय? ही शांती शालवृक्षांच्या फुलांतून आलेली नाही. कोणावर ठपका राहिला नाही, कोणाचे ऋण बोलायचे राहिले नाही, कोणाचा प्रश्न अडवला नाही, त्यातून ती आली. यात कष्टकऱ्याचे नाव आहे, सेवकाचे नाव आहे. गाडी कोण हाकत होता, हे या कथेत लपलेले नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्या दिवसाला आपण महापरिनिर्वाण दिन म्हणतो. दरवर्षी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात, आणि परतताना पिशवीत पुस्तके नेतात. मरणाच्या दिवशी पुस्तकांची एवढी दुकाने जेथे लागतात, तेथे मरणाची प्रतिमा बदललेली आहे. ही प्रतिमा एका कवीने रचलेली नाही. पायी, गाडीने आलेल्या माणसांनी ती रचली.

विद्यार्थ्यांना आता मी मृत्यूवरची कविता शिकवताना तीन प्रश्न विचारायला सांगतो. गाडीत कोण बसले आहे? ती कोण ओढतो आहे? आणि काळाचे नाव घेऊन कोणाचे नाव झाकले आहे? या तीन प्रश्नांना जी कविता पुरून उरेल, तिची शांती खरी मानावी, मग ती डिकिन्सनची असो, जॉन्सनची असो की आपल्यातल्या एखाद्या मुलाची. यावर वाचकांनी, विशेषतः कवितेचे अध्यापन करणाऱ्या मित्रांनी, आपली मते कळवावीत. माझे काही चुकत असेल तर ते मला जिवंतपणीच कळलेले बरे.

माझा आजा सहा वर्षांपूर्वी वारला. त्याचा सांगावा घेऊन कोणाला चालत जावे लागले नाही. मी घराच्या ओट्यावर बसून एकेकाला फोन लावले. प्रत्येकाला त्याचे पूर्ण नाव सांगितले. पलीकडून कोणी विचारले, कशाने गेला, तर मी सांगत होतो: वय झालं होतं, झोपेत गेला, घरची सगळी जवळ होती.

हे सांगताना मी कोणताही अलंकार वापरला नाही. गरज पडली नाही.